वाऱ्याला वाट

मोटारसायकलच्या पुढच्या काचेचा इतिहास लिहावयास घेतला आहे, असे सांगितले तर ऐकणारा प्रथम हसेल. इतिहास असावा तो गडकोटांचा, राजवंशांचा, फार तर एखाद्या जुन्या देवळाचा. हातभर उंचीच्या प्लास्टिकच्या तुकड्याला कसला आला आहे इतिहास? परंतु माणसाने ज्या ज्या वस्तूपाशी आपली बुद्धी खर्च केली, त्या प्रत्येक वस्तूला इतिहास असतो. या काचेपाशी तर शास्त्रज्ञ, कारागीर आणि शर्यतीचे वीर असे सगळेच अडखळले आहेत. शिवाय रत्नागिरीच्या माणसाला हा विषय परका नाही. दिवाळीला मुंबई-पुण्याहून घरी येणारा मुलगा आज कित्येकदा मोटारसायकलवरूनच येतो. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा तो रस्ता संपवून तो अंगणात उतरतो, तेव्हा आई त्याच्या तोंडाकडे पाहते. डोळे लाल झालेले, मान अवघडलेली, आणि दोनदा हाक मारावी तेव्हा एकदा ऐकू जाते. 'वाऱ्याने झाले,' असे तो म्हणतो. मग वडील वडीलकीने सांगतात, "अरे, पुढे चांगली मोठी काच बसवून घे."

येथेच मौज आहे. अशी मोठी काच बसवल्यावर पुष्कळांची तक्रार कमी होण्याऐवजी वाढते. छातीवरचा वारा थांबतो हे खरे. पण डोक्याला थपडा बसू लागतात. हेल्मेट कोणी तरी धरून हलवीत आहे असे वाटते, कानांत ढोल वाजतो, आणि पुढचा रस्ता डोळ्यांसमोर थरथरू लागतो. वारा अडवला असता वाऱ्याचा मार वाढावा, हे कोडे आहे खरे. ते उलगडण्यास माणसाला बरीच वर्षे लागली. ती हकिगत सांगण्यापूर्वी आपल्या गावच्या वाऱ्याची ओळख करून घेऊ.

रत्नागिरीचा वारा

दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे आपण शाळेत शिकलो. कोकणच्या तांडेलाला ते शाळेवाचूनच ठाऊक असतात; त्याची होडी त्यांच्याच भरवशावर जाते आणि येते. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा मात्र वेगळा. त्याच्या धाकाने मुंबईहून रत्नागिरीला येणारी आगबोट पूर्वी पावसाळ्यात बंद असे, आणि गावे चार महिने जगापासून तुटल्यासारखी होत. वाऱ्यापासून वीज काढण्याचे देशातले आरंभीचे प्रयोग १९८६ साली झाले, तेव्हा गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतीकोरीन आणि महाराष्ट्रात रत्नागिरीचा किनारा निवडला गेला. पुढे कोकण रेल्वे झाली आणि २६ जानेवारी १९९८ पासून सबंध मार्ग खुला झाला. त्या मार्गावर रत्नागिरीजवळ पानवलचा पूल आहे. उंची सुमारे ६४ मीटर. या पुलावर रेल्वेने वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसविले आहे. शेकडो टनांच्या गाडीलाही जेथे वाऱ्याला विचारून पाऊल टाकावे लागते, तेथे दीडदोनशे किलोच्या फटफटीची काय कथा!

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे उघडा कातळ, झाडाचा आडोसा क्वचित. वाटेतल्या गावांची नावे आरे आणि वारे! नावाची व्युत्पत्ती काहीही असो, तेथून जाणाऱ्याला दुसरे नाव सुचणार नाही.

काच आली कशी

पहिली मोटारसायकल १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी बनविली. चाके लाकडी आणि वेग ताशी दहाबारा किलोमीटर, म्हणजे बऱ्या घोड्याने सहज मागे टाकावी असा. तिला काचेची गरजच नव्हती. पण वेग वाढत गेला, तसा वारा हा स्वाराचा नित्याचा सोबती झाला. आरंभी त्यावर उपाय एकच होता: चामड्याचा डगला, कानटोपी आणि डोळ्यांवर गॉगल. खरी काच पुढे लावावी, तर ती फुटून तोंडात जाण्याची भीती. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक चंबू खाली पडला. आत सुकलेल्या द्रवाचा पातळ थर असल्याने तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. यावरून त्याने दोन काचांमध्ये थर घालून न विखुरणारी काच केली. मोटारींचे काम त्यामुळे झाले. फटफटीला ती जड होती. सेल्युलॉइडचे पत्रे हलके खरे, पण ते पिवळे पडत आणि चटकन पेट घेत.

१९३० नंतर पर्स्पेक्स निघाले. काचेसारखे पारदर्शक, वजनाला निम्मे, आणि उष्णतेने हवे तसे वाकणारे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छत्र्या त्याच्या झाल्या, आणि युद्ध संपल्यावर तेच मोटारसायकलच्या हँडलवर येऊन बसले. १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेटचा शोध लागला. ते आणखी चिवट. आज बाजारात जी काच मिळते ती बहुधा या दोहोंपैकी एकाची असते. काच हे नाव तेवढे राहिले.

आपल्या देशात मोटारसायकल घरोघरी जाण्याजोगी झाली ती स्वातंत्र्यानंतर. १९५५ साली मद्रासेत एनफील्डच्या बुलेटची जुळणी सुरू झाली. तिची पहिली मोठी मागणी सैन्याची होती. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा तयार होऊ लागली. इकडे मुंबईत लँब्रेटा आणि आकुर्डीला व्हेस्पा. स्कूटरला पायांपुढे पत्रा मुळातच होता. वर हँडलवर प्लास्टिकची उंच काच लावण्याची हौस त्या काळी अनेकांनी केली. स्कूटर चाळीस-पन्नासाच्या वेगाने जाई, मागे कुटुंब बसलेले असे, आणि काच आपले काम निमूटपणे करी. थपडांची तक्रार तेव्हा फारशी ऐकू आली नाही. कारण वारा हा वेगाचे व्याज मागतो, आणि तेही चक्रवाढीने. एक चौरस मीटरची सपाट फळी वाऱ्याला आडवी धरली, तर ताशी चाळीस किलोमीटरला तिच्यावर साधारण साडेसात किलोचा भार येतो. वेग दुप्पट म्हणजे ऐंशी केला, तर भार दुप्पट होत नाही, चौपट होतो, तीस किलो! त्यात समोरून ताशी तीसचा वारा असेल, तर गाडीचा काटा ऐंशी दाखवीत असता स्वाराचे अंग एकशेदहाचा वारा सोसते.

भोवऱ्यांची रांग

आता त्या कोड्याकडे वळू. वारा हा पाण्यासारखाच वाहतो. ओढ्यातल्या दगडामागे पाहिले तर पाणी फिरताना दिसते, भोवरे सुटतात. १९०४ साली लुडविग प्रांटल या जर्मन प्राध्यापकाने दाखविले की, वाहता प्रवाह वस्तूच्या पृष्ठभागाला धरून चालतो, आणि जेथे वळण सोसवत नाही तेथे तो पृष्ठभाग सोडून देतो. ही सुटण्याची जागा म्हणजेच भोवऱ्यांची जन्मभूमी.

प्रांटलच्या गॉटिंगेनच्या प्रयोगशाळेत हीमेंझ नावाचा विद्यार्थी पाण्याच्या प्रवाहात एक गोल दांडा धरून मोजमाप घेत होता. दांड्यामागचे पाणी काही केल्या स्थिर होईना. सारखे डावीउजवीकडे हेलकावे. दांडा पुरेसा गोल नसेल म्हणून त्याने तो पुनःपुन्हा घासून काढला, पण हेलकावे कायम. शेजारी थिओडोर फॉन कार्मान हा तरुण संशोधक काम करीत असे. रोज सकाळी तो विचारी आणि रोज हीमेंझचे उत्तर उदासवाणे असे. अखेर कार्मानच्या मनात आले, की ज्याअर्थी पाणी नेहमीच हलते त्याअर्थी हलणे हाच त्याचा धर्म असला पाहिजे. त्याने गणित मांडले, आणि १९११ च्या सुमारास सिद्ध केले की, आडव्या आलेल्या वस्तूमागे भोवरे सुटतात ते एकाआड एक, ठरावीक अंतराने, जणू रस्त्याच्या दुतर्फा लावलेली झाडे. ही रांग पुढे त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली.

मोटारसायकलची काच ही अशीच आडवी आलेली वस्तू. हातभर रुंदीची काच ऐंशीच्या वेगाने निघाली, की तिच्या कडेवरून सेकंदाला साधारण आठ-दहा भोवरे सुटावेत. ते कोठे तरी जाणारच. काच ठेंगणी असेल तर ते छातीवर किंवा खांद्यावर येतात आणि छाती ते सोसते. काच अगदी उंच असेल तर ते डोक्यावरून निघून जातात. काचेची कड नेमकी अशी असेल की भोवरे हनुवटी ते कपाळ यांच्या मध्ये येतात, तर सेकंदाला आठ-दहा थपडा ठरलेल्या. शिवाय काचेमागे हवा विरळ होते. ती पोकळी भरण्यास बाजूने आणि वरून वारा आत धाव घेतो, आणि स्वाराची पाठदेखील पुढे ढकलली जाते. काचेने वारा अडवला खरा, पण अडलेल्या वाऱ्याला वाट दिली नाही. आणि वाट न मिळालेला वारा उपद्रवी होतो.

पडलेला पूल

हा उपद्रव कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण जगाने १९४० साली पाहिले. अमेरिकेत टॅकोमा येथे खाडीवर एक झुलता पूल बांधला. तो १ जुलैला वाहतुकीस खुला झाला. त्याच्या दोन्ही अंगांना भरीव पोलादी पत्र्याच्या भिंतीसारख्या तुळया होत्या. दिसायला सुबक, पण वाऱ्याला वाट नाही. ७ नोव्हेंबरच्या सकाळी ताशी साठ-पासष्ट किलोमीटरचा वारा सुटला. तो काही वादळी नव्हता. पण पूल पिळवटू लागला आणि अखेर तुटून पाण्यात पडला. दहा वर्षांनी, १९५० साली, त्याच जागी नवा पूल उभा राहिला. त्याच्या अंगांना जाळीदार सांगाडे ठेवले होते आणि रस्त्यातही वारा जाण्यासाठी फटी सोडल्या होत्या. इंजिनियरांनी चार महिन्यांचा पूल गमावून हा धडा घेतला.

त्याच १९५० साली इटलीत कोमो सरोवराच्या काठी मोटो गुझी कारखान्याने मोटारसायकलसाठी खास वाताचा बोगदा बांधला. त्यात सबंध गाडी स्वारासह उभी करीत आणि वारा सोडीत. त्यातून शर्यतीच्या गाड्यांना पुढचे चाक झाकणारी, डब्यासारखी मोठी आवरणे लाभली. वेग वाढला, पण बाजूने झोत आला की अशी गाडी शिडासारखी फुगून रस्ता सोडी. अखेर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल संघटनेने १९५८ पासून अशा आवरणांना शर्यतीत बंदी केली. समोरच्या वाऱ्याशी करार करताना बाजूच्या वाऱ्याला विसरून चालत नाही, हा दुसरा धडा.

सामान्य प्रवाशासाठी हे ज्ञान हळूहळू उतरले. अमेरिकेत क्रेग व्हेटर याने १९७१ साली कोणत्याही मोठ्या गाडीवर बसवता येईल असे आवरण विकावयास काढले आणि त्याला नाव दिले 'विंडजॅमर', म्हणजे शिडाचे मोठे जहाज! १९७६ साली बी. एम. डब्ल्यू. कंपनीने पिनिनफारिना यांच्या वाताच्या बोगद्यात घडविलेले पूर्ण आवरण आपल्या आर १०० आर. एस. या गाडीवर कारखान्यातूनच बसवून दिले. आपल्याकडेही पुढे लांबच्या प्रवासाच्या गाड्या आल्या. २०१६ ची हिमालयन ही त्यांपैकी एक, आणि तिला काच जन्मतःच आहे. मात्र कारखाना काच घडवितो ती एका ठरीव उंचीच्या माणसासाठी. पाच फूट तीन इंचांच्या आणि सहा फुटांच्या अशा दोन स्वारांना एकच काच कशी मानवणार? अंगरखा शिंप्याकडे माप देऊन शिवावा आणि काच मात्र बाजारातून तयार आणावी, यातूनच थपडा निर्माण होतात.

गडगा आणि झाप

इतके देश हिंडून आल्यावर आपल्या परसाकडे पाहिले, तर थोडा विस्मय वाटतो. कोकणात आंब्याच्या बागेभोवती चिऱ्यांचा किंवा धोंड्यांचा गडगा रचतात. त्यात चुना नाही, माती नाही. दगडावर दगड, आणि मध्ये फटी. पावसाळ्यात पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात. पावसाची झड त्यावर थबकते, वारा मात्र विणीतून गाळून आत येतो. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूचे बन आहे. त्याच्या सुया वाऱ्याला अडवीत नाहीत, विंचरतात. डेन्मार्कच्या मार्टिन येन्सन याने वाऱ्याच्या आडोशावर केलेले संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झाले. या शास्त्राचे सांगणे असे की, भरीव भिंतीपेक्षा निम्म्याच्या आसपास मोकळे असलेले कुंपण अधिक दूरवर आसरा देते. कारण भरीव भिंतीवरून उडी मारलेला वारा लगेच पलीकडे भोवरे घेऊन खाली येतो, आणि गाळून आलेला वारा त्या भोवऱ्यांना उठूच देत नाही. गडगा रचणाऱ्याने हे गणित केले नव्हते. त्याची भरीव भिंत एखाद्या वादळात पडली असेल, फटींची टिकली असेल, आणि नातवाने टिकलेल्या भिंतीची नक्कल केली असेल. अनुभवाची शाळा अशीच चालते.

निसर्गाची परीक्षा मात्र कठोर असते. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी हजारोंनी आडव्या झाल्या. तेव्हा गडग्याची बढाई मारण्याचे कारण नाही. रोजच्या वाऱ्याशी कसे राहावे, एवढेच तो शिकवितो. आणि मोटारसायकलच्या काचेचा प्रश्न हा रोजच्याच वाऱ्याचा आहे.

काच बदलताना

आता घरातल्या मुलाने काय करावे, ते या इतिहासातूनच निघते. प्रथम दोष कोठे आहे ते पाहावे. जुने विमान-संशोधक पंखावर लोकरीचे धागे चिकटवून वाऱ्याची दिशा पाहत. काचेच्या कडेला चार धागे चिकटवून मागे बसलेल्या सोबत्याने ते पाहिले तरी पुष्कळ कळते. वारा पडलेला असताना, मोकळ्या सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगाने किंचित उठून बसावे आणि मग किंचित वाकावे. उठल्यावर आवाज स्वच्छ होत असेल, तर काचेचे भोवरे डोक्यावर येत आहेत. अशा वेळी ठेंगणी काच बरी. वाकल्यावर शांतता लाभत असेल, तर थोडी उंच काच किंवा वरच्या कडेला बाहेर वळलेली लहान पट्टी उपयोगी पडते. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त: काच आणि दिवा यांच्यामध्ये बोटभर फट ठेवावी. त्या फटीतून वारा आत येतो, मागची पोकळी भरतो आणि भोवऱ्यांचे बळ जाते. हा गडग्याचाच उपाय.

काच उंच घेण्याचा मोह कोकणात तरी आवरावा. तिची वरची कड साधारण नाकाच्या रेषेखाली असावी, म्हणजे नजर काचेतून न जाता काचेवरून जाते. मोटारीच्या काचेला पाणी पुसणारा दांडा असतो. फटफटीच्या काचेला नसतो. आषाढातल्या रात्री समोरून ट्रकचे दिवे आले आणि काचेवर पावसाचे थेंब असले, तर वळण दिसत नाही. शिवाय उंच काच भाट्याच्या पुलावर समुद्राकडून येणाऱ्या झोताला शिडासारखी सापडते. तांबड्या धुळीने माखलेली काच कोरड्या फडक्याने पुसू नये. आधी पाणी ओतावे, नाही तर चिऱ्याचे कण तिला ओरखडून आंधळी करतात. पेट्रोलने तर ती कधीच पुसू नये.

कानांची गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ताशी शंभराच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. आपल्या कारखान्यांच्या नियमांत नव्वद डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे आणि शंभराला अवघी दोन तासांची. मुंबई-रत्नागिरी हा प्रवास दोन तासांत होत नाही. कारखान्यातल्या कामगाराला जे संरक्षण कायदा देतो, ते रस्त्यावरच्या मुलाला कोणी देत नाही. ते त्याने स्वतःच घ्यावयाचे. हेल्मेट तर १९८८ च्या मोटारवाहन कायद्याने सक्तीचे आहेच. ते डोके वाचविते, कान नव्हे. भोवरे डोक्यावरून हटले की आवाज कमी होतो, आणि वेग वीस किलोमीटरने उतरविला की आणखी कमी होतो. गेलेले ऐकू येणे मात्र कोणत्याही काचेने परत येत नाही.

वडिलांनी मोठी काच सुचविली ती मायेपोटीच. माया बहुधा भिंत बांधावयास निघते. वाऱ्याच्या बाबतीत भिंतीपेक्षा माप आणि फट यांचे काम अधिक आहे, एवढे त्या मायेला सांगावे. यंदा फराळ आटोपल्यावर बापलेकांनी अंगणात बसून काचेचे दोन स्क्रू सैल करावे, ती बोटभर वर सरकवावी, आणि मुलाने परतीच्या वाटेवर हातखंब्याच्या तिठ्याला गाडी उभी करून घरी सांगावे, आज कान गप्प आहेत.